सोनगीरची पातेली, आइंडहोवनची भट्टी

मी भांडी विकते. दुकान नाही, पाटी नाही. लोक मोबाइलवर फोटो बघून मागवतात आणि मी खोक्यात घालून पाठवते. एवढं साधं काम, पण ते आईला समजावताना मला दर वेळी घाम फुटतो. पहिल्यांदा जामनेरला जाऊन तिला सांगितलं, तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "येवढी शिकली, इमानात बसून परदेशात गेली, अन् तिथी जाऊन भांडे ईकते?"

मी म्हटलं, "हो."

जरा वेळाने तिनं विचारलं, "मंग त्याच्या बदली जुने कपडे घेती का?"

माझ्या धंद्याबद्दल मला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले गेले. कस्टमवाल्यांनी विचारले, बँकेनं विचारले, एकदा तर अग्निशमन दलानंही विचारले. पण आईइतका मुद्द्याचा प्रश्न कुणी केला नाही.

भांडी विकायच्या आधी मी जळगावला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. नऊ वर्षं शिकवलं. मग महेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नेदरलँडमधल्या आइंडहोवन गावी नोकरी लागली आणि आम्ही दोन बॅगा आणि एक पितळी पातेलं घेऊन तिकडे गेलो. पातेलं सासूबाईंनी दिलं होतं. धुळ्याच्या घरातलं, कल्हई केलेलं, चांगलं जड. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा महेंद्रनं स्वतःचे बूट बाहेर काढून पायात घातले आणि चपला कचऱ्यात टाकल्या, पण पातेलं ठेवलं. आईनं दिलेलं होतं ना.

तिकडे माझ्या पदवीला कुणी विचारीना. भाषा येत नव्हती, कागदपत्रं पुन्हा तपासून घ्यायची होती, आणि शाळेत शिकवायचं तर त्यांची परीक्षा द्यावी लागणार होती. घरात बसून मी पडदे धुतले, पुन्हा धुतले. शेवटी एका मोठ्या गोदामात कामाला लागले. लोक घरबसल्या जे जे मागवतात ते खोक्यात भरायचं काम. दिवसभर उभं राहून चिकटपट्टी मारायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, फळ्यासमोर उभी राहणारी बाई इथे कुठे येऊन पडली. दुसऱ्या महिन्यापर्यंत माझ्या लक्षात आलं की इथे पगार घेऊन शिकायला मिळतंय. कुठली वस्तू परत येते आणि का येते, फोटोत रंग वेगळा दिसला की काय होतं, खोक्यात वस्तू हलली तर कुठे फुटते, आणि माणूस रागावून लिहितो तेव्हा त्याला खरं तर काय हवं असतं, हे सगळं मी त्या गोदामात शिकले. दोन वर्षं.

तिथेच योहाना भेटली. माझ्या शेजारच्या टेबलावर खोकी भरायची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, उंच, मोजकं बोलणारी. एकदा ती घरी जेवायला आली. त्या पातेल्यात मी तुरीचं वरण केलं होतं. तिनं वरण दोनदा घेतलं, पण बघत होती पातेल्याकडे. जेवण झाल्यावर ते उचलून उलटं केलं, बुडावर हात फिरवला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

घरातलं भांडं कुणी केलं, असा प्रश्न माझ्या मनातही कधी आला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात धुळ्याला येताना पातेलं सोबत आणलं, त्याची कल्हई उडाली होती. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागतो, तीच कल्हई. ती वर्ष-दोन वर्षांत झिजते आणि पुन्हा करून घ्यावी लागते. जुन्या धुळ्यात रशीदभाईंचं छोटं दुकान आहे. सासूबाई गेली तीस वर्षं त्यांच्याकडेच जातात. रशीदभाईंनी भांडं भट्टीवर धरलं, तापल्यावर नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आतून टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं एक हात असा फिरवला की सगळं भांडं आतून चांदीसारखं झालं. मी रसायनशास्त्राची बाई असून तोंड उघडं टाकून बघत होते.

मी विचारलं, "रशीदभाई, असं नवं पातेलं कुठे मिळेल?"

"नया?" ते हसले. "सोनगीरला जा ताई. नानांना भेटा. आहेत अजून."

सोनगीर धुळ्याहून फार लांब नाही. हमरस्त्यावरून किल्ला दिसतो, आणि गावात शिरलं की पूर्वी म्हणे भांडी ठोकण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. मी गेले तेव्हा एकाच दिशेनं आवाज येत होता. त्या आवाजामागे गेले आणि नाना सापडले. सत्तरीचे, किडकिडीत, कमरेला गुंडाळलेलं धोतर, समोर जमिनीत रोवलेला लोखंडी खुंटा आणि त्यावर उपडं घातलेलं भांडं. त्यांनी ठोकणं थांबवलं नाही. घरातून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या तेव्हा थांबले.

"कठली व तू?" नानांनी विचारलं.

"जामनेरची. सासर धुळ्याचं. राहते परदेशात."

"तठे भांडा नही भेटतस?"

"भेटतात. हातानं ठोकलेली नाही भेटत."

"कितला पाहिजेत?"

"सहा."

नाना अक्कांकडे बघून हसले. "सहा भांडास्मा मना कोळसा बी निंघत नही."

अक्का म्हणाल्या, "तू आधी जेवी ले. मंग बोल त्यास्नाशी."

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा. जेवण होईपर्यंत नानांनी मला सगळं विचारून घेतलं. तिकडे शेती कुणाची, पाऊस किती, नवरा किती वाजता घरी येतो. भांड्याबद्दल एक अक्षर नाही. निघताना म्हणाले, "पंधरा दिनमा ये." मी त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि तो बरोबर निघाला.

हे काम कसं होतं ते थोडक्यात सांगते, कारण माझी गिऱ्हाइकंही तेच विचारतात. पितळेचा पत्रा गोल कापायचा, भट्टीत तापवून मऊ करायचा, खुंट्यावर ठोकून त्याला पोट काढायचं. ठोकलं की पितळ कडक होतं, म्हणून पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. आकार आला की शेवटी सगळ्या अंगावर ओळीनं हलके ठोके घ्यायचे, त्याला मठारणं म्हणतात. त्यानं भांड्याला बळकटी येते आणि वर ते खवल्यांसारखं चमकतं. एका पातेल्याला किती ठोके लागतात, हे मी एकदा मोजायला बसले. नानांनी मध्येच चहा मागवून माझी मोजणी बिघडवली. मला वाटतं मुद्दामच.

सहा पातेली धुळ्याच्या गच्चीवर मांडून मी फोटो काढले. गोदामात शिकल्याप्रमाणे आतून, बाहेरून, बुडाकडून, आणि एका फोटोत शेजारी संत्रं ठेवून, म्हणजे आकार कळावा. आइंडहोवनला परतल्यावर योहानाच्या पुतणीकडून एक साधीशी वेबसाइट करून घेतली. पहिलं पातेलं योहानानं घेतलं. उरलेली पाच तीन आठवड्यांत गेली. पाचवं गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गोदामात चिकटपट्टी मारत होते. ती हातातली चिकटपट्टी मी माझ्याच बोटांना गुंडाळून घेतली.

पहिली तक्रारही लवकर आली. एका बाईंनी लिहिलं, "तुमच्या भांड्यावर सगळीकडे हातोडीच्या खुणा आहेत आणि त्या एकसारख्या नाहीत. कृपया बिनखुणांचं भांडं पाठवा." मी नानांना फोनवर वाचून दाखवलं.

"त्या बाईले सांग, ह्या मना हातना ठोका शेतस. बठ्ठा सारखा व्हतीन तं मंग मशीन काय वाईट शे?"

मी त्याचं जमेल तसं भाषांतर करून पाठवलं. बाईंनी भांडं ठेवून घेतलंच, वर आणखी एक मागवलं. तेव्हापासून नानांची ही दोन वाक्यं प्रत्येक भांड्याच्या खाली वेबसाइटवर आहेत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांनी सर्वांत मोठं पातेलं मागवलं आणि महिन्यानं फोटो पाठवला. दाराशी स्टुलावर ठेवून त्यात किल्ल्या आणि हातमोजे टाकले होते. "अतिशय उपयोगी," असं खाली लिहिलं होतं. सुरीनाममधून आलेल्या एका आजींनी फोन केला. त्यांचे पणजोबा कधीकाळी भारतातून तिकडे मजुरीला गेलेले. त्या हिंदीसारखी वाटणारी त्यांची भाषा बोलत होत्या. "हमार आजी के लोटा रहा," त्या म्हणाल्या. तो हरवला होता. त्याचा गळा कसा होता, ते त्या मला तासभर सांगत होत्या. मी तीन चित्रं काढून पाठवली, तिसरं पटलं. नानांनी तसा लोटा करून दिला. आजी तो घ्यायला स्वतः आगगाडीनं आल्या, माझ्या स्वयंपाकघरात त्यात पाणी भरून घटाघट प्यायल्या आणि म्हणाल्या, "गळा जरा बारीक हवा होता." आणि लोटा छातीशी धरून निघून गेल्या.

चुका मीही भरपूर केल्या. एकदा सुचलं की भांडी जामनेरच्या केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून पाठवावीत. काय सुंदर दिसायचं ते. आई आणि शेजारणींनी दोन दिवस पानं पुसून दिली. विनापरवाना वनस्पती आणल्याबद्दल तिकडे सगळा माल अडकला. अखेर त्यांनी पानं नष्ट केली आणि भांडी तशीच उघडी माझ्या दारात आणून दिली. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "केळीच्या पानाले भेतात? मंग जेवतात कशावर?"

गोदामातली दोन वर्षं भरली तेव्हा मी ते काम सोडलं. त्याच वर्षी दिवाळीच्या विक्रीसाठी मी एकदम पन्नास पातेली करायला सांगितली. मी धुळ्यात नव्हते, सगळं फोनवर. नानांनी भांडी वेळेत दिली, पण कल्हई मागे पडली. मी रशीदभाईंना रोज फोन करायची. झालं का, किती झाली, उद्या होतील का. एका दिवशी दोनदा केला. शेवटी माल आला, सुरेख होता. पन्नासपैकी त्रेचाळीस भांडी पंधरा दिवसांत गेली.

मग एका बाईंचं पत्र आलं. त्या नव्या गिऱ्हाईक होत्या. "माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. तिची खिचडी मी तुमच्या भांड्यात शिजवते. या कल्हईची शिशासाठी तपासणी केली आहे ना?"

मी उत्तर लिहिलं. आमच्याकडे ही पद्धत शेकडो वर्षं चालत आली आहे, शुद्ध कथील वापरतात, काळजी नसावी. लिहून झालं आणि ते मला पाठवता येईना. कारण तपासणी मी केली नव्हती. नऊ वर्षं मुलांना शिकवलं होतं की माहीत असणं वेगळं आणि वाटणं वेगळं. मी त्यांना लिहिलं, "तपासून सांगते. तोवर भांडं वापरू नका." उरलेल्या सातांतलं एक भांडं प्रयोगशाळेत दिलं.

आठवड्यानं कागद आला. शिसं होतं. मर्यादेच्या बरंच वर.

मी तो कागद महेंद्रपुढे ठेवला. त्यानं वाचला आणि म्हणाला, "आधी त्या बाईंना फोन कर. बाकीचं नंतर." मी केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. भांडं त्यांच्याकडे आठच दिवस वापरात होतं. त्यांनी मुलीचं रक्त तपासून घेतलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, सगळं ठीक होतं. त्या चार दिवसांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तिकडे मसाल्यांचा व्यापार करत. त्यांनी सल्ला दिला, "वेबसाइटवर 'शोभेसाठी' असं लिहून टाक. जुनी गिऱ्हाइकं विचारणार नाहीत." सल्ला चांगल्या मनानं दिला होता. मी त्या दुपारी त्रेचाळीस जणांना पत्र लिहिलं. तुमच्या भांड्याच्या कल्हईत शिसं सापडलं आहे, त्यात शिजवू नका, ते परत पाठवा, चूक माझी आहे. पत्र एकच, पण प्रत्येकाचं नाव हातानं घातलं. मग धुळ्याचं तिकीट काढलं.

रशीदभाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ताई, इसमें क्या लिखा है?"

मी सांगितलं. ते भट्टीजवळच्या पाटावर बसले. मग फळीखालून कथलाचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. "वाकवा. कानाजवळ धरून वाकवा."

मी वाकवला. कथील शुद्ध असेल तर वाकवताना करकर आवाज येतो, हे मी दर वर्षी वर्गात सांगत असे. हा तुकडा मुकाट वाकला.

"चांगलं कथील बोलतं," रशीदभाई म्हणाले. "हे नाही बोलत. त्या दिवशी पण नाही बोललं. आपलं कथील संपलं होतं, मुंबईचा माल यायला आठ दिवस होते, तुमचा रोज फोन. बाजारात मिळालं ते आणलं. दुकानवाला बोला, एक ही है. मला शंका आली होती ताई. पण म्हटलं, इतक्याशानं काय होतंय."

ते डाग द्यायचं कथील होतं, भांड्याच्या सांध्यांना लावतात ते. त्यात शिसं मिसळलेलंच असतं. मी रागावायची तयारी करून गेले होते. तिथे उभं राहून माझ्या लक्षात आलं, त्या आठ दिवसांची घाई कुणाची होती.

सोनगीरला गेले. नानांनी सगळं ऐकलं. हातोडी बाजूला ठेवली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "भांडं मनं," ते म्हणाले. "कल्हई रशीदनी. घाई तुनी शे, पोरी."

अक्कांनी नानांना गप्प बसायची खूण केली. पण ते बरोबरच बोलले होते, आणि इतक्या थोडक्यात मला अजून कुणी ओळखलेलं नाही.

आता प्रश्न होता परत येणाऱ्या भांड्यांचा. ती पुन्हा भारतात आणायची, कल्हई करून पुन्हा पाठवायची, हे शक्य नव्हतं. रशीदभाई म्हणाले, "मी तिकडे येऊ शकत नाही. तुम्हीच शिका."

"मी?"

"तुम्ही शिकवणारी बाई. शिकायला काय होतंय."

मी दोन आठवडे त्यांच्या दुकानात शिकले. सकाळी अकराला जायचं, दुपारी दोनला यायचं. पहिल्या दिवशी रस्त्यावर पाचसात लोक जमले, तिसऱ्या दिवशीही त्यांना कंटाळा येईना तेव्हा रशीदभाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक भांडं देऊन घासायला बसवलं. चौथ्या दिवसापासून कुणी आलं नाही. माझी पहिली सात भांडी बिघडली. कुठे कथील जळालं, कुठे ते थेंबाथेंबानं गोळा झालं. आठव्याला हात आपोआप फिरला. धूर विरला आणि आत माझा चेहरा दिसला, काजळलेला. सासूबाई मुद्दाम घरातलं तपेलं घेऊन गिऱ्हाईक म्हणून आल्या आणि रशीदभाईंना म्हणाल्या, "सुनेच्या हातची करून द्या."

आइंडहोवनला परत आले तेव्हा दारात खोकी साठलेली. योहानाचा गावाबाहेर भाजी लावायचा जमिनीचा एक तुकडा होता, तिथे आम्ही भट्टी मांडली. तोंडाला मास्क, हातात जाड हातमोजे, जुनी कल्हई पूर्ण उतरवायची, तो पुसलेला धातू वेगळ्या डब्यात सरकारी घातक कचऱ्यात द्यायचा, भांडं स्वच्छ करून मग बोलणारं कथील. नवसागर टाकला की पांढरा धूर व्हायचा. आमच्याकडे त्या धुराचं कुणाला काही वाटत नाही. तिकडे पहिल्याच दिवशी दोन बंब आले.

सहा जवान उतरले. त्यांच्या प्रमुखानं माझ्याकडे, माझ्या सांडशीकडे आणि भांड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "बाई, आपण काय शिजवताय?"

मी म्हटलं, "भांडंच."

गिऱ्हाइकांशी माझं इंग्रजीत निभायचं, डच तेव्हा एवढीच होती. योहानानं पुढे होऊन सगळं सांगितलं, पार शिशापासून. त्यांनी शांतपणे ऐकलं, आधी कळवल्याशिवाय उघड्यावर असं करू नका अशी ताकीद दिली आणि कुठे करता येईल तेही सांगितलं. मग त्यांतला एक थांबून करताना बघत राहिला. पुढच्या आठवड्यात आम्ही एका लोहाराच्या शेडमध्ये काम हलवलं, तेव्हा तो आजीची तांब्याची जुनी कढई घेऊन तिथे आला. ती झाली. मग त्याची मावशी आली. कल्हई करणारं तिथे जवळपास कुणीच उरलेलं नव्हतं, आणि घराघरांत जुनी तांब्याची भांडी माळ्यावर पडलेली होती. पुढच्या वर्षी नवी भांडी विकण्यापेक्षा जुनी उजळण्याचंच काम जास्त आलं.

त्रेचाळीसपैकी चाळीस भांडी परत आली. प्रत्येक भांडं तपासून, कागदासकट परत गेलं. हातमोजेवाल्या गृहस्थांनीही त्यातलं एक घेतलेलं होतं. त्यांनी कळवलं, "माझ्या हातमोज्यांना शिसं चालतं. भांडं देणार नाही." उरलेली दोन मिळाली नाहीत. घेणाऱ्यांनी ती लग्नात भेट दिली होती, आणि ज्यांना दिली त्यांचे पत्ते बदलले होते. मी पुष्कळ शोधलं. त्या दोन पातेल्यांत कुणीतरी रोज वरण शिजवत असेल किंवा कुणी फुलं ठेवली असतील, मला कळायला मार्ग नाही. एवढी एक गोष्ट मला अजून टोचते, आणि टोचावी असंच मला वाटतं.

त्यानंतर दोन बदल केले. वेबसाइटवर लिहिलं, "भांडं तयार व्हायला वेळ लागतो. किती, ते सांगता येणार नाही." मला वाटलं होतं गिऱ्हाइकं पळतील. थोडी पळाली. दुसरा बदल रशीदभाईंनी सुचवला. प्रत्येक भांड्यासोबत जी चिठ्ठी जाते, तिच्यावर तोवर फक्त माझ्या वेबसाइटचं नाव असे. ते म्हणाले, "माझं नाव टाका. भांडं कुणी ठोकलं, कल्हई कुणी केली, दोन्ही. पुढे चूक झाली तर लोकांना कळलं पाहिजे कुणाला विचारायचं." नानांना विचारलं तर म्हणाले, "नाव काय करनं शे? लिखी टाक." पण चिठ्ठी छापून आली तेव्हा अक्कांनी ती देवघरात ठेवली.

गेली काही वर्षं आम्ही धुळ्यात राहतो. महेंद्रचं काम घरून चालतं, सासूबाईंनाही सोबत हवी होती. तिकडचं सगळं योहाना बघते. तिनंही भट्टीवर हात बसवला आहे आणि माझ्यापेक्षा तिचा हात साफ आहे, हे रशीदभाईंनी व्हिडिओ बघून मला तोंडावर सांगितलं. इकडे आल्यावर वेबसाइट मराठीतही केली. जळगाव, भुसावळ, वरणगाव, जामनेर इथून मागण्या येऊ लागल्या. आपल्याच भागातले लोक आपलीच भांडी मोबाइलवरून मागवतात, याची गंमत वाटे. त्यातली सर्वांत मोठी गंमत गेल्या मार्गशीर्षात झाली.

एक मागणी आली, पत्ता सोनगीरचा. गल्ली वाचली आणि मी चष्मा पुसला. नानांचीच गल्ली, त्यांच्या घरापासून चार दारं सोडून. मी त्या बाईंना फोन लावला.

"ताई, नाना तुमच्या शेजारीच राहतात. त्यांच्याकडून घ्या ना. मधला खर्चही वाचेल."

"माहीत शे माले," त्या म्हणाल्या. "सकाळपासून त्यास्नंच ठोकणं ऐकस मी. पण नाना भांडं तसंच हातमा देतस. मनी पोर सुरतले ऱ्हास. तिले भेट देवानं शे. तुमनं खोकं पाहिजे, अन् ती नाववाली चिठ्ठी पाहिजे."

मग तसंच केलं. नानांनी पातेलं ठोकलं. ते धुळ्याला आलं, रशीदभाईंनी कल्हई केली, मी खोक्यात घातलं, चिठ्ठी ठेवली आणि कुरिअरला दिलं. दोन दिवसांनी मी दुसऱ्या कामासाठी सोनगीरला गेले होते. नाना ओट्यावर बसून ठोकत होते. गल्लीत कुरिअरची मोटारसायकल शिरली, नानांच्या दारावरून पुढे गेली आणि चार दारं सोडून थांबली. बाई बाहेर आल्या, त्यांनी सही केली आणि खोकं दोन्ही हातांत धरून आत नेलं. शेजारच्या दोघी बघायला धावल्या.

नानांनी हातोडी वरच्या वर धरून हे सगळं पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, रागावतील की काय म्हणून.

"मनंच भांडं," ते म्हणाले, "मनीच गल्लीमा पाहुणं व्हईसन उनं."

आणि ठोका घातला.